वाडीच्या आत काय?

उन्हाळ्यात टँकर कोणत्या वाडीला पाठवायचा, हा निर्णय पोलादपूरच्या टंचाई कक्षाने २००१ साली माणसांकडून काढून कॉम्प्युटरकडे सोपवला. प्रोग्रॅम लिहायला महाडला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या इरशादला बोलावले.

"साहेब, याला प्रत्येक गोष्टीची जात आधी सांगावी लागते. एकदा सांगितली की शेवटपर्यंत बदलत नाही," इरशादने समजावले.

"म्हणजे यंत्र इथलंच आहे," कक्षप्रमुख पोतनीस समाधानाने म्हणाले.

गावात वाडी, वाडीत पोटवाडी, तिच्या पोटात आणखी एक, हे आपल्याकडे नवे नाही. इरशादने व्याख्या केली: वाडी म्हणजे काही घरे आणि आत आणखी एक वाडी, किंवा काहीच नाही.

पोतनीसांनी 'किंवा काहीच नाही' खोडले. "सरकारी व्याख्येत काहीच नाही? वरून विचारणा झाली तर तुम्ही उत्तर देणार?"

"पण ते शब्द गेले तर व्याख्या संपणारच नाही, साहेब."

"मग ती कायमस्वरूपी योजना झाली. टिपणीत तसं घ्या."

अकलेचा दुष्काळ टंचाईच्या निकषांत बसत नाही, म्हणून त्यावर उपाययोजनाही होत नाही.

मे महिन्यात कशेडीच्या अंगाला, डोंगरात राहणारी गोदूबाई रिकामी कळशी घेऊन कक्षात आली. वाडीची विहीर आटली होती. इरशादने नोंद सुरू करताच पडद्यावर प्रश्न उमटला: आतली वाडी कोणती?

"आत कसली वाडी रे बाबा? तीन घरं हायत. पानी नाय."

"रकाना रिकामा राहिला तर टँकर निघत नाही," पोतनीस म्हणाले. "गोठा आहे ना? लावा गोठेवाडी."

गोठेवाडीच्या आत? खुराडेवाडी. तिच्या आत? अंडेवाडी. अंड्याच्या आत काय, हे विचारायला पोतनीसांनी पशुसंवर्धन खात्याला पत्र धाडले. दारात भरलेला टँकर ठिबकत उभा होता.

"सायेब, गळतंय तेवढं तरी भरू द्या," गोदूबाईने कळशी पुढे केली.

"तुमची वाडी अजून पूर्ण झालेली नाही, बाई."

इरशादच्या डोक्यात तिडीक गेली. "असली व्याख्या मंजूर केली कुणी?"

पोतनीसांनी शांतपणे नोटीस फळ्याकडे बोट दाखवले. व्याख्या तिथे महिनाभर लागलेली होती. येणारेजाणारे सुशिक्षित ती वाचून हसले होते. आत्ता आपण हसलात, तसेच. खाली 'नागरिकांच्या हरकती' या रकान्यात पोतनीसांनी निर्धास्तपणे लिहिले होते: काहीच नाही.