गेलेल्यांच्या घरातले दिवे

शंतनूचा आलेख जिथे खाली यायला हवा होता, तिथे वर चढला होता. त्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. काही केल्या पटेना.

बंगळूरच्या जयनगरातल्या एका बंगल्याच्या माडीवर ही तीन माणसांची कंपनी होती: मालक रविकिरण, खेळाडूंच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या क्षमाअक्का आणि पुण्याहून आलेला शंतनू. एका अमेरिकन कंपनीचा इंटरनेटवरचा खेळ ती सांभाळत असे. अठ्ठ्याण्णव सालचा खेळ, त्यात चित्रं नव्हती, नुसता मजकूर. खेळाडू एका गावात घर बांधायचा, शेजाऱ्यांशी गप्पा मारायचा, संध्याकाळी घरात दिवा लावायचा. गाव बंगळुरात रचलेलं, म्हणून त्याचं घड्याळही बंगळूरचं. अमेरिकेतली मंडळी सकाळी अंडी खात असताना गावात तिन्हीसांजा होत.

तीन महिन्यांचा एक हंगाम. हंगाम संपला की किती जण टिकले, किती गेले आणि का गेले, हे शोधणं शंतनूचं काम. निम्म्याहून जास्त टिकले असतील तर अमेरिकन कंपनी करार वाढवणार होती आणि शंतनूची तात्पुरती नोकरी पक्की होणार होती. नाहीतर पुण्याला काकांचं उदबत्तीचं दुकान होतंच. काकांनी त्याच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

"रविअण्णा, पहिल्या सीझनला सोडून गेलेले लोक तिसऱ्यात परत आलेत," शंतनू म्हणाला. "रोज येतात. संध्याकाळी सहाला."

"मग तोंड का पाडतोस? चांगलंच आहे की!"

"एकामागून एक येतात. ओळीने. दिवा लावतात आणि जातात. कोणाशी एक शब्द बोलत नाहीत."

"माझा मेव्हणा तसाच येतो. जेवतो आणि जातो. त्याला आम्ही पाहुण्यांत धरतोच ना? तूही धर."

रविकिरणचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग बंगळूरला आलेलं. आलेली चांगली गोष्ट परत पाठवायची नाही, एवढा धडा घराण्याने तेव्हाच घेतला होता. त्याने आकडा त्याच दिवशी अमेरिकेला कळवून टाकला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आकडा उत्तम आहे, फक्त एक शंका आहे. तुमच्या यादीतले सर्वांत नियमित खेळाडू वॉल्टर हे मार्चमध्ये वारले. त्यांच्या पत्नीने तसं तेव्हाच कळवलं होतं. ते कसे येतात, याचा खुलासा व्हावा.

शंतनूने नोंदी उघडल्या. वॉल्टर काल सहाला आला होता. परवाही आला होता. जिवंत होता तेव्हा चार-चार दिवस दांड्या मारणारा हा माणूस मेल्यापासून एकदाही चुकला नव्हता.

"मी असलं काही मानत नाही," रविकिरण म्हणाला आणि खाली जाऊन लिंबू घेऊन आला. मिरच्यांसकट ते त्याने मॉडेमवर टांगलं. "मशीनला दृष्ट लागते. भुताचा विषय वेगळा."

सहाला शंतनू एरवी कोपऱ्यावर कॉफी प्यायला जात असे. त्या दिवशी तो थांबला. गावात त्याने स्वतःचं एक घर बांधलं आणि त्याच्या दारात उभा राहिला. माडीवर अंधारून येत होतं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत होती. विहिरीपाशी बरेच खेळाडू जमले होते आणि कोणीच काही बोलत नव्हतं. तेही वाट पाहत होते.

'वॉल्टरच्या घरात दिवा लागला.'

त्याच क्षणी शंतनूच्या पाठीमागे वाजलं: टक.

त्याच्या मानेवर काटा आला. पडद्यावर दुसरं घर उजळलं. पाठीमागे पुन्हा टक. तिसरं घर. टक. प्रत्येक दिव्यामागे कोणीतरी त्याच्या खुर्चीच्या मागे उभं राहून एकेक हाड मोडत असावं तसा तो आवाज. फरशीवर ओली पावलं उमटलेली त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली. ती दारातून आत आली होती, बाहेर गेलेली नव्हती. शंतनूने रामरक्षा सुरू केली, पहिल्याच ओळीला अडकला, आणि पुढचं आठवेना म्हणून नाइलाजाने मागे वळला.

क्षमाअक्का पाय धुऊन, पदर खोचून, एका बोटाने टाइप करत होत्या.

"अक्का! तुम्ही?"

"स्वल्प थांब रे, चार घरं राहिली."

"अहो, ही सोडून गेलेल्यांची घरं आहेत!"

"म्हणूनच तर. असलेले आपापले लावतात की."

"पण कशासाठी?"

"तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवतात होय? जाताना सगळे मला पत्र लिहितात, अक्का आम्ही निघालो म्हणून. किल्ल्या, ते पासवर्ड का काय, माझ्याकडंच. वॉल्टरला तर तेवढंही जमलं नाही, पाप, बिचारा."

"अक्का, माझ्या आकड्यांत निम्मं गाव तुम्ही एकट्या आहात!"

"सरी, बरं. मग रविला सांग, पगार वाढव म्हणून."

रविकिरणने डोकं धरलं. "आकडा जाऊन बसलाय रे! असं लिही, वॉल्टरला मुलगा होता, त्याचंही नाव वॉल्टर."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांनाही मुलं असतीलच की."

शंतनूच्या डोळ्यांसमोर स्टूल आलं. तरी त्याने खरं तेच लिहायला घेतलं. अक्कांना वजा केलं की आलेख कुठवर कोसळतो हे पाहताना मात्र त्याला वेगळंच काही दिसलं. ज्यांच्या शेजारचं घर अंधारात राहिलं होतं, ते पुढच्या हंगामात निघून गेले होते. ज्यांच्या शेजारी दिवा लागत होता, ते टिकले होते, मग तो दिवा मेलेल्याने लावलेला का असेना. त्याने दोन्ही गोष्टी कळवल्या. उत्तर आलं: दिवे चालू ठेवा. आणखी एक हंगाम पाहू. तोवर करारही तात्पुरता आणि आकडे काढणारा मुलगाही.

नेमक्या त्याच हंगामात अक्का लेकीच्या बाळंतपणाला होसकोट्याला निघाल्या. "पाय धुऊन बस हं," एवढंच त्यांनी बजावलं. शंतनू रोज आधी आपल्या घराच्या दारात मुकाट उभा राही, मग गेलेल्यांची घरं उजळून येई.

हंगाम संपत आला आणि मॉडेमवरचं लिंबू नासलं. रस आत झिरपला. मॉडेम एकदा चरचरला आणि थंड पडला.

"बघितलंस? दृष्ट केवढी कडक होती!" रविकिरण म्हणाला.

शंतनूने मॉडेम बंगळूरच्याच शिवाजीनगरला दुरुस्तीला नेला. कारागिराने तो उघडून हुंगला. "सार, इसमें किसने नींबू निचोडा?"

दोन संध्याकाळी गेलेल्यांची घरं अंधारात राहिली. तिसऱ्या दिवशी मॉडेम मिळाला, पण बस चौकात अडकली. शंतनू धापा टाकत माडीवर पोचला तेव्हा सहा वाजून गेले होते. हंगाम गेला, नोकरी गेली, असं म्हणतच त्याने गाव उघडलं.

गेलेल्यांच्या घरांत दिवे नव्हते. पण प्रत्येक घराच्या पायरीवर एकेक कंदील होता. शेजाऱ्यांनी आपापल्या घरातून आणून ठेवलेला. वॉल्टरच्या पायरीवर तर दोन होते.

शंतनूच्या छातीवरचा दगड उतरला. तो स्वतःच्या घराकडे वळला. तिथेही एक कंदील होता. शेजारी फुलं होती, आणि एक पाटी: 'इथे एक अबोल माणूस राहत असे. रोज सहाला दारात उभा दिसायचा. देव त्याला शांती देवो.'

विहिरीपाशी त्याच्याचबद्दल हळू आवाजात बोलणं चाललं होतं. भला होता म्हणे. शंतनूला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या गावात बोलला.

'मी आहे.'

मग एकेक जण आपापल्या घरात गेला आणि एकेका दाराची आतून कडी लागली.

हंगाम संपला तेव्हा गाव सोडून एकही माणूस गेला नव्हता. अमेरिकेहून पत्र आलं. करार वाढवला, मुलगा पक्का. फक्त एक विनंती होती: त्या वारलेल्या अबोल गृहस्थांनी रोज सहाला दारात उभं राहायला यावं, पण कृपा करून पुन्हा बोलू नये.

शंतनूने घड्याळ पाहिलं आणि पाय धुवायला गेला.