सभेने तपासलेला ब्रेक

"गाडीला कुठे दुखतंय ते माझ्या तळपायाला कळतं," असं फेतू अख्ख्या गावाला ऐकवायचा. सामोआतल्या त्या उतारावरच्या गावात त्याच्या जुन्या टेम्पोइतकं खडखडणारं दुसरं काही नव्हतं, पण अभिमान मात्र विमानाचा!

त्या संध्याकाळी तळपायाला कळलं, पण जरा उशिरा. प्रार्थनेचा शंख वाजला. शंख वाजला की रस्त्यावरच्या प्रत्येकाने जागच्या जागी थांबायचं, नाहीतर दंड. फेतूने ब्रेक दाबला आणि पाय थेट पत्र्याला टेकला. पेडलला काही दमच नव्हता. पहाऱ्यावरची माणसं, चर्च, पाद्रीबाबा, सगळ्यांना ओलांडून टेम्पो केळीच्या बागेत घुसला.

दंड ठरला फेतूची डुकरीण. पोरीच्या लग्नासाठी लाडाने पोसलेली, तीच.

"लग्न शनिवारवर आलंय," बायको लागी म्हणाली. "पाहुण्यांना काय वाढू? तुमचा तळपाय?"

फेतू हात जोडून सभेत गेला. "थोरले, मी मुद्दाम नाही हो गेलो. ब्रेकच मेला होता."

"मेला की जिवंत, ते सभा ठरवेल," गावप्रमुख लेमाना म्हणाले. त्यांनाच सगळे थोरले म्हणत.

टेम्पो ढकलत सभाघरापुढे आणला. आता ब्रेक दाबायचा कोणी? सभेतल्या एका सरदाराने दाबला तर बाकीच्यांचा अपमान. बराच खल होऊन तोडगा निघाला. गावाचे वक्ते पालेपोई यांनी गाडीत बसायचं, एकेका सरदाराची मानाची पदवी पुकारायची आणि त्याच्या नावाने एकदा पेडल दाबायचं. निकाल थोरल्यांचा, म्हणून त्यांचं नाव शेवटी.

पहिल्या पदवीला पेडल तळाला गेलं.

"बघा," फेतू म्हणाला.

"पदव्या चालू असताना बोलायचं नसतं," कोणीतरी दटावलं.

दुसऱ्या पदवीला पेडल जरा वर थांबलं, तिसऱ्याला आणखी वर. ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. लागोपाठ दाबलं की पेडल घट्ट होणार आणि क्षणभर सोडलं की पुन्हा मान टाकणार, हे फेतूला आत्ता लख्ख कळलं. मागच्या चाकाशी तेलही ठिबकत होतं. पण पदव्यांमध्ये तोंड घालायचं म्हणजे आणखी एक डुक्कर गेलं.

थोरल्यांच्या नावाला पेडल दगडासारखं घट्ट!

"ब्रेक ठणठणीत आहे," थोरल्यांनी निकाल दिला. "डुकरीण चढवा याच टेम्पोत. खाली माझ्या घरी न्यायची."

"थोरले, उतार आहे हो."

"सभेवर विश्वास नाही तुझा? सरक तिकडे. मीच चालवतो."

पहिल्या वळणावर थोरल्यांनी ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणावर त्यांनी देवाचं नाव घेतलं. तिसरं वळण आलंच नाही, कारण त्याआधी समुद्र आला.

पाणी कमरेएवढं होतं. थोरले त्यात उभे राहिले, डोक्यावरचं शेवाळ काढलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ब्रेक ठणठणीतच आहे. समुद्र फार पुढे सरकलाय अलीकडे."

"अगदी खरं," फेतू म्हणाला. डुकरीण पोहत किनाऱ्याला लागली होती आणि शेपटी हलवत घरच्या वाटेला वळली होती, ते त्याने पाहिलं होतं.

"डुकरीण कुठाय?"

"मी तर ती सभेच्या ताब्यात दिली होती, थोरले. पुढचं सभेला ठाऊक."

थोरल्यांनी डोळे बारीक केले. "आम्ही माणसं घेऊन येतोच तुझ्या दारी. तिथे ओली डुकरीण सापडली तर ती सभेची. कोरडी असली तर तुझी."

फेतू जीव घेऊन धावला. दारात डुकरीण निथळत उभी. धापा टाकत त्याने लागीला सगळं सांगितलं. तिने पोरीच्या लग्नाची कोरी चादर ओढली आणि डुकरिणीला खसाखसा पुसायला घेतलं. फेतू मदतीला वाकला.

"तुम्ही आधी आत जा आणि कपडे बदला," लागी म्हणाली. "ओले दिसाल तर तुम्हालाही घेऊन जातील. आणि तुम्हाला सोडवायला माझ्याकडे दुसरं डुक्कर नाही."