संदर्भसूचीतले आबा

यशोधरानं प्रकल्पाच्या शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं, 'शुद्धलेखनासाठी एआयची मदत घेतली आहे,' आणि तिथंच घोटाळा झाला.

लोणावळ्याच्या कॉलेजात तिचं इतिहासाचं दुसरं वर्ष. विषय होता, घाटातले रेल्वे कामगार. एआय वापरलं तर तसं सांगायचं, हा यंदाचा नवा नियम. स्नेहल मॅडमनी ते वाक्य वाचलं आणि संदर्भसूची तपासायला घेतली. पहिलंच नाव, 'ओव्हाळ, सीताराम'. ना पुस्तक, ना लेख. इंटरनेटवरही या गृहस्थांचा पत्ता नाही.

"यशोधरा, ही यंत्रं मनानंच लेखक तयार करतात. हा सीताराम अस्तित्वातच नाही!"

"मॅडम, ते माझ्या आईचे वडील आहेत. मी त्यांची मुलाखत घेतलीय."

"मग 'मुलाखत' असं लिहिलंय कुठं?"

ते राहूनच गेलं होतं.

"सोमवारपर्यंत सिद्ध कर. नाहीतर शून्य."

वडगावला आबा अंगणात पावटे सोलत बसले होते. यशोधरानं भीत भीत सगळं सांगितलं.

"म्हंजी तुजी मॅडम म्हनती, मी न्हाईच?"

"तसं नाही आबा, पुरावा पाहिजे."

"चौतीस वर्सं रूळ तपासलं. दर नोव्हेंबरात ब्यांकेत जाऊन जित्ता हाय म्हनून सांगतो. आता कालेजातबी सांगू?"

सोमवारी ते इस्त्रीचा सदरा घालून, आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक आणि हयातीचा दाखला घेऊन वर्गात हजर झाले. मॅडम ओशाळल्या. खुर्ची पुढं करत म्हणाल्या, "कागद राहू द्या, आबा. पावसाळ्यात काय काम असायचं, ते सांगा."

"कंदील घिऊन रुळानं चालायचं. माजा जोडीदार महिपती म्होरं, मी मागं. धुक्यात मानूस दिसायचा न्हाई, म्हनून त्यो मोठ्यानं गायचा. लय भसाडा! गानं थांबलं की समजायचं, दरड आली. मंग लाल बत्ती घिऊन गाडीच्या तोंडाला पळायचं." आबांनी हातातले कागद मांडीवर ठेवले. "गेला त्यो. धुकं पडलं की अजून कान तिकडंच लागत्यात."

मॅडमनी प्रकल्पाचं पान उघडलं. "तुमचं एक वाक्य मला फार आवडलं. 'रूळही माणसांची पावलं लक्षात ठेवतात.' मी समासात शेराही दिलाय, अनुभवाशिवाय असं सुचत नाही."

आबा गोंधळले. "ह्ये मी न्हाई बोललो. रूळ लोखंडाचा. त्येला कसली याद?"

सगळे यशोधराकडं वळले. तिचे कान लाल झाले. "ते... शुद्धलेखन करता करता एआयनंच घातलं. छान वाटलं म्हणून राहू दिलं."

मॅडमनी गुपचूप समासातला शेरा खोडला.

"मंग त्येचं नाव लिव," आबा म्हणाले. "दुसऱ्याचं आयतं आपल्या नावावर घिऊ न्हाई." मग त्यांचा आवाज उतरला. "तसं बगितलं तर माजंबी सगळं माजं न्हाई. दरडीचा आवाज कसा वळखायचा, ह्ये मला महिपतीनं शिकिवलं. त्येचंबी लिवा. त्येचं नाव कुणी कुटं लिवलंच न्हाई."

मॅडमनी स्वतःच पेन उचललं. "लिहिते. पण नियमाप्रमाणे तारीख लागते, आबा. त्यांनी हे कधी सांगितलं?"

आबांनी डोळे मिटले.

"एक्क्याऐंशी साल. आषाढ. बोगद्याच्या तोंडाशी, दोगं भिजत हुबं हुतो."

मॅडमनी तारखेच्या रकान्यात ते शब्दशः उतरवून घेतलं.