फायदे, तोटे आणि माझी सही

त्या लॅपटॉपचा स्क्रीन सहा महिन्यांत पिवळा पडतो, असं मी भोयर काकाजींना सांगितलं ते साफ खोटं होतं. मला फक्त जेवायला बसायचं होतं.

काकाजी काकूंसोबत प्रताप नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मौद्याच्या वीज केंद्रातून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातली कंट्रोल रूम काही निवृत्त झाली नाही. तिथे यंत्र सुरू करण्याआधी यादी तपासायची आणि दुसऱ्या माणसाची सही घ्यायची, ही त्यांची सवय. ती त्यांनी घरी आणली. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे आणि महत्त्वाच्या मुद्द्याखाली साक्षीदाराची सही. घरात कुकर असाच आला, गच्चीवरचा कूलर असाच गेला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी आपल्या झुपकेदार मिशा सफाचट केल्या, तेव्हा अख्खी गल्ली हळहळली. मी विचारलं, "काकाजी, काहून काढल्या?"

"फायदे-तोटे पाह्यले गा. तोटा एकच निंगाला, नाकाखाली थंडी वाजते."

मागच्या वर्षी त्यांनी लॅपटॉप घ्यायचं काढलं. स्वस्तातला. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून तज्ज्ञ मी. संध्याकाळी चप्पल काढायच्या आत जिन्यावरून हाक यायची, "प्रकाश, आला का गा?" वजनाला हलका आहे, हा फायदा. हलका आहे म्हणून कोणीही उचलून नेईल, हा तोटा. बॅटरी चारच तास चालते, हा माझ्या मते तोटा. ते म्हणाले, "चार तास बोलते कोण? फायद्यात लिही."

मग सदर बाजारातल्या दुकानांच्या फेऱ्या. विक्रेत्याने मोठ्या हौसेने गाणं लावलं. काकाजी म्हणाले, "आवाज बंद कर."

"अंकल, इसका साउंड ही तो देखने लायक है!"

"बंद कर म्हटलं नं."

मग सहा पावलं मागे जाऊन, स्क्रीनवर बातम्या देणाऱ्या बाईकडे ते एकटक बघत राहिले. पुढच्या दुकानात तर त्यांनी मला बाहेर पानठेल्यापाशी उभं केलं आणि माझ्या फोनवरून आतल्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावायला लावला. "'जेवली का' म्हण. 'पाय दुखते का' म्हण." मी भर रस्त्यात फोनला विचारत होतो, जेवली का, पाय दुखते का. पानवाला म्हणाला, "भाऊ, घरी जाऊन विचारा नं वहिनीले." आत गेलो तर काकाजी वैतागलेले. "तुह्या मिशीपायी काहीच दिसलं नाही."

शेवटी एक लॅपटॉप सगळ्या कसोट्यांना उतरला. त्या संध्याकाळी काकाजी तिसऱ्यांदा खाली आले. "फक्त स्क्रीनचं सांग. टिकन का?" माझी पोळी निवत होती. मी म्हणालो, "त्याचा स्क्रीन सहा महिन्यांत पिवळा पडतो, काकाजी."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी वही पुढे केली. "कर सही."

मी केली. त्यांनी पानावर आडवी रेघ मारली आणि हळूहळू जिना चढून गेले. मग कित्येक महिने हाक आली नाही. मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

परवा रविवारी त्यांचं एक कुरिअर चुकून आमच्याकडे आलं. ते द्यायला वर गेलो, दार उघडंच होतं. काकाजी फोन काकूंच्या नाकासमोर धरून उभे होते. फोनवर त्यांची बंगलोरची मुलगी. ती विचारत होती, "आई, पाय दुखतो का गं अजून?" काकू गोड हसून म्हणाल्या, "हो हो, तू पण ये." काकाजी काकूंसमोर आले आणि तोंड भलं मोठं करून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "पाय. दुखते. का?"

"अगं बाई, नाही," काकू म्हणाल्या.

काकाजींनी मला जिन्यात आणलं. "दोन वर्षं झाले, तिले ऐकूच येत नाही. मशीन लावली का काढून फेकते. ओठ पाहून समजते तिले. माह्ये समजते. पोरीचे फोनवर मुंगीएवढे दिसते गा." मग सहज म्हणाले, "तुह्यी सही होती म्हणून वाचलो. पैसे पाण्यात गेले असते."

मी पाच पायऱ्या उतरलो आणि तिथेच बसलो. आमच्याशी कधी न बोलता नुसत्या हसणाऱ्या काकूंना मी इतके दिवस तुसड्या समजत होतो.

सोमवारी सकाळी मी मिशी काढली. बायको म्हणाली, "अहो, हे काय करून बसले?" मी सरळ वर गेलो. काकाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली आणि काकूंना समोर बसवलं. मी बोललो. सगळं बोललो. पण काकू नुसत्या हसत राहिल्या.

"खाली मान घालून काय बोलून राहिला?" काकाजी म्हणाले. "तिले काय दिसन? मान वर कर."

शरमेने मान वर होत नव्हती. तरी केली. उजेड तोंडावर घेतला आणि एकेक शब्द वेगळा करत म्हणालो, "काकू, मी खोटं बोललो. लॅपटॉप चांगला होता. अजून मिळतो, मी कालच दुकानात विचारलं. माझ्यामुळे इतके रविवार लेकीचं बोलणं तुम्हाला दिसलं नाही. चुकलो मी. मला माफ करा."