हेल्मेट घातलेलं पोतं

आमच्या सोसायटीच्या फाटकातून रोज सकाळी ज्वारीचं एक पोतं हेल्मेट घालून फिरायला जायचं. ते मोटारसायकलच्या मागच्या सीटवर ताठ बसलेलं असायचं. हेल्मेटचा पट्टा त्याच्या हनुवटीखाली, म्हणजे सुतळीने आवळलेल्या तोंडाखाली, नीट लावलेला असायचा. पुढे गाडी चालवत असायचे आमचे शेळकेकाका. वॉचमन आधी पोट धरून हसला, मग त्याला सवय झाली. पुढे पुढे तर तो दोघांनाही सलाम ठोकायला लागला.

निगडीच्या चौकात एकदा ट्रॅफिक हवालदाराने काकांना बाजूला घेतलं. मी नेमका मागेच होतो.

"मागं काय आहे?"

"ज्वारी."

"ज्वारीला हेल्मेट कशाला?"

"डबल सीटला सक्ती केली ना तुम्ही? उद्या बिनहेल्मेटची दिसली तर तुम्हीच धरताल."

हवालदाराने पोत्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. त्याला लावायला कलम सापडेना. शेवटी "जावा" म्हणाला आणि माझ्याकडे वळून माझा पीयूसी मागितला. माझा संपलेला होता.

शेळकेकाका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे लातूरकडचे. ऐन उमेदीत पोटासाठी इकडे आले, चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनायचे. ते खोक्यात असे बसवायचे, की ट्रकमधून पार मद्रासपर्यंत आदळत गेले तरी अंगावर ओरखडा नको, हे काकांचं काम. या कामातून त्यांना आयुष्याचं सार सापडलं होतं आणि ते तीन शब्दांत मावत होतं: "हललं की गेलं!"

खोक्यात पार्ट हलला की गेला. डब्यात आमटी हलली की गेली. टीव्हीवर सरकार डळमळल्याची बातमी आली, की काका सोफ्यावरून निकाल देत, "हललं की गेलं." एकदा माझी दाढ दुखत होती. डॉक्टरने एक्स-रे काढला, औषधं दिली, थोडं थांबून बघू म्हणाला. काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, "हलायलीय का?" मी म्हटलं, जराशी. "मग गेली," असं म्हणून ते लिफ्टमधून उतरले. दाढ त्याच आठवड्यात गेली.

कंपनीतून आणलेली दुसरी खोड म्हणजे टॅग. पास मालाला हिरवा, थांबवून ठेवलेल्याला पिवळा, रिजेक्टला लाल. निरोपाच्या दिवशी लोकांनी शाल-नारळ दिला, तर काकांनी वर टॅगचा एक गठ्ठा मागून घेतला. घरात गळक्या बरणीला लाल टॅग, कुरकुरणाऱ्या पंख्याला पिवळा. सोसायटीच्या लिफ्टलाही एक दिवस पिवळा टॅग दिसला. तो कुणी काढला नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

रिटायर झाल्यावर काकांनी मोठी मोटारसायकल घेतली आणि किनाऱ्या-किनाऱ्याने थेट कन्याकुमारी गाठणार असं जाहीर केलं. मी विचारलं, "एकटेच?"

"एकटाच. मंदाला गाडीवर नको वाटतं."

मंदाकाकू तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली काडी जरा जोरात मोडली.

तयारी सगळी झाली होती. प्रश्न एवढाच उरला होता, की सामान कशात न्यायचं. या एका प्रश्नावर पुढचं दीड वर्ष गेलं.

काका दुकानात जाऊन बॅग बघायचे नाहीत, बॅगेची ट्रायल घ्यायचे. ट्रायलचा माल होता मंदाकाकूंचे उडदाचे पापड. बॅगेत पापडाची चवड भरायची, गाडीला बांधायची, मागे पोतं बसवायचं आणि सकाळच्या शिफ्टच्या गर्दीत कंटेनरांमधून वाट काढत कुरुळीपर्यंत जाऊन यायचं. "त्या रस्त्यावर जी बॅग टिकली ती कुठंबी टिकंल, राव," असं त्यांचं म्हणणं. परत आल्यावर पार्किंगमध्ये गाडी लावून, चष्मा चढवून ते एकेक पापड उजेडात धरून बघायचे. अख्खा असला तर बॅग पुढच्या फेरीत. मोडलेले पापड आमच्याकडे यायचे. त्या काळात आमच्या घरी पोहे, खिचडी, वरणभात, सगळ्यावर पापडाचा चुरा असायचा. आमच्या हिने एकदा शिऱ्यावर घालू का, असंही विचारलं.

पहिल्यांदा त्यांनी ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणल्या. दिसायला झकास, पण गाडी रिक्षाएवढी रुंद झाली. चाकणच्या चौकात दोन ट्रकच्या मधे काका असे अडकले, की पुढचा ट्रक हलेपर्यंत मागच्या ड्रायव्हरने त्यांना चहा पाजला. लाल टॅग.

मग कॅनव्हासच्या दोन बॅगा आल्या, सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या. त्यांची पाण्याची ट्रायल सोसायटीच्या टँकरखाली झाली. टँकरवाल्याने पाइप धरला, काकांनी बॅग धरली, आणि वरच्या मजल्यावरच्या बायकांनी आपापल्या बादल्या धरून दोघांना शिव्या दिल्या. आतला पापड कोरडा निघाला. मी टाळ्या वाजवल्या. काका मात्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "नाही. टांग टाकायला अडचण व्हायलीय."

"पण काका, तुम्ही तर पुढून बसता."

"तुम्ही गप बसा, राव." लाल टॅग.

तिसऱ्या वेळी मी स्वतः त्यांना आकुर्डीच्या एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदार तरबेज होता. त्याने विचारलं, "कुठं, लडाख?"

"कन्याकुमारी."

"कितीजण?"

"एकटा."

"मग सोपं आहे." त्याने एक लांबट, गोल, वळकटीसारखी बॅग काढली. "मागच्या सीटवर आडवी टाका. चार पट्टे ओढा. विषय संपला."

खरोखर विषय संपला होता. बॅग उत्तम होती. काकांनी चिमटीत धरून शिलाई तपासली, चेन दहादा पुढेमागे केली, पट्टा दातांनी ओढून पाहिला. सगळं पास. मग त्यांचं लक्ष बाहेर उभ्या गाडीकडे गेलं.

"ही मागच्या सीटवर टाकल्यावर पोतं कुठं बसंल?"

"पोतं घरी ठेवा की, काका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चप्पल घालून आलोय. "घरी कसं राहील?" एवढं म्हणून ते दुकानाबाहेर पडले. दुकानदाराने मला हळूच विचारलं, "घरचे बघतात ना यांच्याकडं?"

घरच्यांनाच विचारावं म्हणून एक दिवस पापडाचा डबा परत करायच्या निमित्ताने मी समोर गेलो. काका पोत्याला घेऊन कुरुळीला गेले होते. काकू धपाटी थापत होत्या.

मी म्हटलं, "काकू, काका एकटे जाणार म्हणतात आणि मागची सीट कुणाला देत नाहीत. हा काय प्रकार आहे? ते पोतं आहे तरी कशाला?"

काकूंनी धपाटं तव्यावर टाकलं. "ते पोतं म्हणजे मी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मागं एकदा मला गिरणीत नेलं. दळण जड हाय, हात लाव म्हणाले. तिथं म्हणे, काट्यावर उभी राहा, काटा बरोबर हाय का बघू. दुसऱ्या दिवशी हे पोतं आलं. आता मला सगळं कळतंय. मी फक्त एका गोष्टीवर चिडलेय."

"न विचारता केलं म्हणून?"

"नाही. पोतं माझ्यापेक्षा जड भरलंय."

मी पोट धरून हसलो. काकूही हसल्या. मग तवा उतरवून त्यांनी गॅस बंद केला आणि मला एक जुनी गोष्ट सांगितली.

लग्नानंतर पहिल्या वर्षी काकांनी मित्राची गाडी मागून आणली आणि बायकोला समुद्र दाखवायला हरिहरेश्वरला निघाले. मागे काकू, काकूंच्या मागे सुतळीने बांधलेली रेक्झिनची बॅग, बॅगेत लग्नातल्या साड्या. वरंधा घाटात एका वळणावर सुतळी सुटली आणि बॅग उड्या मारत दरीत गेली. काकांनी गाडी थांबवली, "तू हितंच थांब" म्हणाले आणि बॅगेमागे दरीत उतरले.

"दिवस मावळायला आलेला. येणारा-जाणारा ट्रक माझ्याजवळ आला की हळू व्हायचा. मी वरून हाका मारायले, खालून ओ नाही. मला वाटलं, गेला माणूस. मी तिथं बसून रडून घेतलं, बाबा. होतं नव्हतं तेवढं सगळं. अंधार पडल्यावर हे वर आले, गुडघे फुटलेले, अन् म्हणतात काय, 'बॅग काय सापडली नाही.'"

"मग?"

"मग काय? म्हटलं, घरी चला. परत तुमच्या गाडीवर बसणार नाही. यांना वाटलं, साड्या गेल्या म्हणून बोलली. अजून तसंच वाटतंय. समुद्र काय, महिला मंडळाबरोबर मी तीनदा बघून आले गणपतीपुळ्याला. पण यांच्या मागं बसून नाही बघितला."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं का नाही?"

एक माणूस इतकी वर्षं दुनियेचा माल न हलता पोचवत राहिला आणि स्वतःच्या बायकोला एक प्रश्न विचारायला धजत नव्हता. विचारला आणि ती पुन्हा नाही म्हणाली तर काय, याची त्याला धास्ती. न पडणारी बॅग मिळाली की मगच विचारायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. म्हणून कुठलीच बॅग पास होत नव्हती. मला एकदम दोघांविषयी इतकी माया वाटली, की त्या भरात मी तीन धपाटी खाल्ली.

काका परतले तेव्हा मी पार्किंगमध्येच गाठलं. पोतं उतरवायला हात लावता लावता सगळं सांगून टाकलं. बॅगेचा राग नव्हताच, घाटात एकटीला सोडून गेलात त्याचा होता, हेही सांगितलं.

काका पोत्याला धरून तसेच उभे राहिले. हेल्मेट एका बाजूला कललं होतं, ते त्यांनी सरळ केलं. मग म्हणाले, "म्हणजे डिफेक्ट एका पार्टात, अन् मी तपासायलोय दुसराच."

"तसंच काहीसं."

"लाल टॅग मलाच लावायला पाहिजे, राव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ज्वारी गिरणीत गेली. आख्ख्या मजल्याला पीठ वाटलं गेलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा घेत असताना काका आतून एक हेल्मेट पुसत पुसत आले आणि काकूंसमोर ठेवलं. त्यांची नजर मात्र पंख्याकडे होती.

"धुऊन वाळवलंय. ज्वारीचा वास गेलाय."

काकूंनी हेल्मेट उचललं, आतून हुंगून पाहिलं. "कुठं गेलाय अजून," म्हणाल्या. मग विचारलं, "निघायचं कधी?"

पंख्याकडे बघता बघता काकांना जोराचा ठसका लागला.

निघाले तेव्हा अख्खी सोसायटी खाली जमली होती. बाजूला दोन लहान बॅगा, मागे कॅरिअरवर काकांच्या कपड्यांची एक, तिन्हींना हिरवे टॅग. काकू आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली. पिशवीला ना चेन ना पट्टा, आत सगळं मोकळं हलत होतं. काकांनी ती पाहिली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"ही मी मांडीवर धरते," काकू म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून झोकात टांग टाकली.

दीड वर्षाच्या ट्रायलमध्ये एवढी एक गोष्ट राहून गेली होती. पोतं नेहमी मी आणि वॉचमन उचलून ठेवायचो. पोत्याला पाय नव्हते. काकूंच्या पायाची टाच कॅरिअरवरच्या बॅगेच्या कडीला लागून ती सुटली, हे निघायच्या गडबडीत कुणालाच दिसलं नाही.

फाटकाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि बॅग रस्त्यावर पडली. मी "काका! काका!" ओरडत धावलो. गाडीचा मागचा लाल दिवा लागला. काकांचा पाय जमिनीला टेकला. आरशात त्यांना बॅग दिसली असणार, कारण त्याच आरशात मला दिसलेला त्यांचा चेहरा मी ओळखतो. आता हा माणूस उतरणार, असं मी धरूनच चाललो होतो.

काकांनी डावा हात मागे नेला, चाचपडत काकूंचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला.

"राहू द्या, राव!" ते मान न वळवता ओरडले, आणि गाडी निघाली. वॉचमनने दोघांना सलाम ठोकला.

मी ती बॅग उचलून घरी आणली. काकांचे सगळे शर्ट, पॅन्ट, टॉवेल, दाढीचं सामान त्यातच. दिवसभर मी फोन लावत होतो, लागत नव्हता. उन्हं उतरल्यावर त्यांचाच फोन आला. मागे लाटांचा आवाज होता आणि काकू कुणाला तरी शहाळ्याचा भाव कमी करायला सांगत होत्या.

"हरिहरेश्वरला पोचलो, राव. दोघंबी अख्खे."

"काका, तुमची बॅग माझ्याकडे आहे. पुढं कुठं पाठवू?"

काकांना नीट ऐकू गेलं नसावं, किंवा त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "कसली बॅग?"