तांदळाच्या केकचा ठराव

आजारी माणसाची खरी काळजी घेणारे लोक आजारी माणसाला विचारत बसत नाहीत. विचारलं की तो सांगतो, सांगितलं की ऐकावं लागतं, आणि ऐकण्यात वेळ गेला की काळजी घ्यायची राहून जाते. माझ्या सासरची मंडळी या बाबतीत आदर्श आहेत. समुद्रकाठी दोन दिवसांची सहल काढायचं ठरलं, आणि ठिकाण ठरायच्या आधी धाकट्या सूनबाईंच्या पथ्याबाबत समिती नेमली गेली. अध्यक्ष माझे सासरे. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत, खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. सदस्य सासूबाई, जाऊबाई आणि माझा नवरा. धाकट्या सूनबाईंना, म्हणजे मला, बैठकीत चहा घेऊन येण्यापुरता प्रवेश होता.

आधी आजाराची नोंद. मला सिलिअ‍ॅक आहे. गव्हात आणि जवात जे ग्लुटेन असतं, ते माझ्या आतड्याला सोसत नाही. पावाचा चुरा पोटात गेला तरी मी पलंग ते संडास अशा येरझाऱ्या घालते आणि पुढे आठवडाभर अंगात त्राण राहत नाही. हे डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून, आतड्याचं चित्र काढून समजावलं होतं. चित्र छान काढलं होतं, असं सर्वांचं मत पडलं.

या आजाराविषयी कुटुंबात तीन मतप्रवाह आहेत. पहिला सासऱ्यांचा: आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दुसरा जाऊबाईंचा: आजार आहे, पण मनावर घेतलं नाही तर जातो. तिसरा माझ्या नवऱ्याचा. त्याचा आजारावर पूर्ण विश्वास आहे, फक्त बिस्किट गव्हाचं असतं हे त्याला दर वेळी नव्यानं कळतं. सासूबाई कुठल्याच प्रवाहात नाहीत. त्यांची माझ्यावर माया आहे, आणि खरी भीती मला तिचीच वाटते.

समितीने पूर्वीच्या सहलींचा आढावा घेतला. यशाचं प्रमाण शंभर टक्के भरलं (माझी टक्केवारी वेगळी धरत नाहीत). तलावाच्या सहलीत तलाव फार सुंदर होता म्हणतात. किल्ल्याच्या सहलीतल्या बाथरूमच्या फरशा मला अजून पाठ आहेत.

माझी लेक, चिमणी, समितीत नव्हती. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तिकडे दीपगृह आहे. अगदी वरपर्यंत जाता येतं. तू आणि मी जायचं. बाबा नको, बाबांना धाप लागते."

"जाऊ या की."

"तू दर वेळी असंच म्हणतेस आणि मग झोपून राहतेस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नुसती माहिती दिल्यासारखं म्हणाली ती, आणि म्हणूनच मला ते फार लागलं. या वेळी काही झालं तरी वर जायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

मग सासऱ्यांनी हॉटेलांना फोन लावले. स्पीकर चालू ठेवून, कारभार पारदर्शक असावा म्हणून. पहिला मॅनेजर म्हणाला, "काळजीच नको साहेब, आमच्याकडे तिखट कमीच असतं." दुसऱ्याने विचारलं, "ग्लुटेन ना? मिळून जाईल. किती मागवून ठेवू?" तिसरा म्हणाला, "त्यांना जे चालत नाही ते त्यांनी खाऊ नये." एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाकडे उतरणं समितीला अपमानास्पद वाटलं. दुसऱ्याचं हॉटेल एकमताने पक्कं झालं. निदान त्याची तयारी तरी होती.

मी माझी पिशवी भरली: छोटा कुकर, तांदूळ, भाजीचा डबा, स्वतंत्र चमचा, केळी. या पिशवीला घरात 'दवाखाना' म्हणतात. गाडीत ती सगळ्यांच्या पायात येते आणि त्याबद्दल मला कोणी काही बोलत नाही, हे मला वाटेत बऱ्याचदा सांगण्यात आलं.

पहिल्या दुपारी डबा उघडला. आमच्या घरात दुसऱ्याच्या ताटातलं चाखून बघणं हे आपुलकीचं लक्षण मानतात. परवानगी मागितली तर माणूस परका ठरतो. जाऊबाईंनी पावाला लोणी लावता लावता त्याच सुरीने माझ्या भाजीतला बटाटा टोचला.

"बघू तरी बिचारी काय खाते! अगं, चांगली झालीये की. उगीच तुझी कीव करत होतो."

सुरीवर पावाचा चुरा होता. तो भाजीत उतरताना मी पाहिला. डबा बाजूला ठेवून मी केळं सोललं.

"बघा, स्वतःच केलेलं पण खात नाही," जाऊबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सासूबाईंनी पेटी उघडली. आत केक होता.

"तांदळाच्या पिठाचा आहे," त्या म्हणाल्या. "खास तुझ्यासाठी. पीठ वेगळं दळून आणलं, ओव्हन चार वेळा पुसला, चमचासुद्धा नवा घेतला."

इतक्या वर्षांत एवढं कोणी केलं नव्हतं. मी हात पुढे केला.

"आणि तळाला चिकटू नये म्हणून भांड्याला जरासा मैदा भुरभुरवला. पण तो काय, बाहेरूनच."

माझा हात तिथेच थांबला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं, आणि मैदा गव्हाचा असतो हे त्याला याही वेळी नव्यानं कळलं. तरी तो हळूच म्हणाला, "एक घास घे ना. आईने किती हौसेनं केलाय." सासऱ्यांनी तोच विषय मतदानाला टाकला. ठराव मंजूर झाला. चिमणी माझ्या हाताकडे बघत होती. तिला दीपगृहाची वेळ ठाऊक होती: उद्या सकाळी.

"आई, तुम्ही एवढं केलंत, मला खरंच भरून आलं," मी म्हणाले. "पण मी हा नाही खाणार."

सासूबाईंचे डोळे भरले. त्यांना अन्न गोड लागेना, पाव घशाखाली उतरेना. आणि मग मी ते दृश्य पाहिलं, ज्यासाठी मी सहलींमागून सहली झटले होते. सासऱ्यांनी खाली एक फोन केला. लगेच वेगळं पातेलं घासलं गेलं, वेगळा चमचा आला, नुसत्या भाताची वेगळी पेज आली, सासूबाईंसाठी. कोणी काही विचारलं नाही, चित्र काढावं लागलं नाही. मॅनेजर स्वतः वर येऊन विचारून गेला की अजून काही पथ्य असेल तर सांगा. आजार मनाचा होता, म्हणून बहुधा सर्वांना लगेच समजला. उरलेली पेज मी प्यायले. मला चालण्यासारखं हॉटेलमध्ये तेवढंच शिजलं होतं.

सकाळी सगळे सासूबाईंच्या उशाशी बसले होते. मी आणि चिमणी निघालो. दीपगृहाचा जिना गोल गोल, अरुंद. केळ्यांच्या जोरावर मी कठडा धरत चढत होते. वर वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. चिमणीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओरडली, "आई! तू आजारी नाहीस!" मी रडले. वाऱ्यामुळे, असं तिला सांगितलं.

खाली हॉटेलच्या गच्चीतून समितीने आम्हाला वर पाहिलं आणि अंतिम निष्कर्ष नोंदवला: ज्या बाईला दीपगृह चढवतं, तिला केकच्या एका तुकड्याने काही झालं नसतं. नाही खाल्लं म्हणूनच चढवलं, हे मी खाली आल्यावर सांगितलं. विषयपत्रिकेत नसल्याने ते घेता आलं नाही.

तुम्ही मात्र समजूतदार आहात. सुरी भाजीत गेली तेव्हा तुम्हाला माझी कणव आली, मॅनेजरला हसलात. फक्त केकपाशी आल्यावर तुम्हालाही वाटलंच ना, की एवढासा तुकडा खाल्ला असता तर म्हातारीचं मन राहिलं असतं? लाजू नका. पुढच्या सहलीसाठी समितीत एक जागा रिकामी आहे, अध्यक्ष तुमच्याबद्दल विचारत होते.