कुंदाताईंची दोन बोटं

मला सांगा, खाणाऱ्या माणसाच्या कानापुढे कुणी बोटं लावतं का? तेही ओळखदेख नसताना? आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीतल्या कुंदाताई लावतात. गणपतीत पाहुणे म्हणून एक जॉइंट सेक्रेटरी आले होते. बिचारे चिवडा खात होते. या बाई मागून गेल्या, त्यांच्या दोन्ही कानांपुढे दोन-दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "चावा, चावा. थांबू नका." साहेब घाबरून चावत राहिले. "डावा बरा आहे. उजवा टक् वाजतोय. सुपारी खाता का?" मंडळाची चिटणीस मी! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

कुंदाताई इथल्याच एका सरकारी दातांच्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या. नोकरी संपली, पण जित्याची खोड! अजून रिक्षात बसल्या की रिक्षावाल्याला दम देतात, "बिल्कुल हिलना नहीं." सोसायटीचा ग्रुप फोटो होता तेव्हा सगळ्यांना म्हणाल्या, "हनुवटी सरळ, जीभ टाळूला, श्वास रोखा!" त्या फोटोत आम्ही सगळे बुडता बुडता वाचल्यासारखे दिसतो.

आणि हल्लीच्या डॉक्टरांचं नाव काढायची तर सोयच नाही. "हे काढून आणा, थ्रीडी काढून आणा! अरे, आधी पेशंटला हात तर लाव यार!" हे त्या जिन्यात, लिफ्टमध्ये, मदर डेअरीच्या रांगेत कुणालाही ऐकवतात. मला त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला सांगू.

पण गेल्या वर्षी माझाच जबडा अडकला. ऑफिसात डबा उघडला आणि घास तोंडात जाईना. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं आणि कानापाशी अशी कळ, की डोळ्यांत पाणी यावं. मार्केटमधल्या दातांच्या क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं मला एका यंत्रासमोर उभं केलं, यंत्र डोक्याभोवती फिरलं, मग तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "मॅडम, बिल्कुल नॉर्मल है. स्ट्रेस है. योगा कीजिए." माझ्याकडे त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही!

त्या एका शब्दानं माझा घात केला. आमचे हे म्हणाले, "नॉर्मल आहे ना? चलो, सुटलो." लेक म्हणाली, "मम्मा, तू फार विचार करतेस." मी रोज गुरगुट्या भात गिळतेय आणि हे फोनवर नणंदेला हसत सांगतायत, "हिला काही झालेलं नाही गं, रिपोर्ट क्लिअर आहे." अहो, दुखणं एक वेळ सोसलं असतं. पण पंचवीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्यानं मला ढोंगी ठरवावं? बाथरूमचा नळ सोडून रडले मी.

एकदा लिफ्टमध्ये कुंदाताईंनी मला पकडलं. बोटं लावली. "उघड. मीट. पूर्वी टक् वाजायचं?"

"हो."

"कधी बंद झालं?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. "दिवाळीच्या सुमारास," मी म्हटलं.

"आणि तेव्हापासून तोंड उघडत नाही! वाजायचं बंद झालं म्हणजे बरं नाही झालं बाई, अडकलं!" त्यांनी घरी येऊन रिपोर्ट मागितला, वाचला आणि रागानं लालबुंद झाल्या. मनगट धरून मला तसंच त्या क्लिनिकमध्ये नेलं.

"ये हड्डी का फोटो है ना, बेटा?"

"जी, आंटी."

"दो हड्डियों के बीच में जो गद्दी होती है, वो इसमें दिखती है?"

"नहीं, उसके लिए एमआरआय..."

"तो नॉर्मल किसको बोला? हड्डी नॉर्मल है तो हड्डी को बोलो! इसको क्यों बोला?"

वेटिंगमधले पेशंट दाराशी येऊन ऐकत होते. डॉक्टरचे कान तांबडे झाले. मग तो उठला आणि पहिल्यांदा त्यानं माझ्या जबड्याला हात लावला.

एमआरआय दोनदा काढतात, एकदा तोंड मिटून आणि एकदा दातांमध्ये ठोकळा देऊन, उघड्या तोंडानं. कुंदाताईंनी स्वतःच्याही बांगड्या, मंगळसूत्र, केसांतल्या पिना काढून ठेवल्या आणि आत माझ्या पायांशी बसल्या. यंत्र धडाधड वाजत होतं. त्यांनी शेवटपर्यंत माझा अंगठा सोडला नाही.

रिपोर्ट आला. गादी पुढे सरकली होती आणि तोंड उघडलं तरी जागेवर येत नव्हती. आमच्या ह्यांनी तो दोनदा वाचला. "अगं, म्हणजे तुला खरंच दुखत होतं!" खरंच! त्यावर मी त्यांना जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे डॉक्टरनं रात्री दातांवर घालायला एक साचा दिला, व्यायाम दिले आणि हळूहळू तोंड उघडायला लागलं. मी शिरा घेऊन कुंदाताईंकडे गेले. म्हटलं, "ताई, तुम्ही होतात म्हणून."

त्यांनी वाटी घेतली, पण चमचा काही उचलला नाही.

"माझ्या सासूबाईंना असंच दुखायचं," त्या म्हणाल्या. "मीच नेलं त्यांना इस्पितळात. फोटो मीच काढला. स्वच्छ आला. घरी येऊन सगळ्यांसमोर मीच सांगितलं, यांना काही झालेलं नाही. त्यानंतर बारा वर्षं होत्या गं त्या. पोळी दुधात कुस्करून खायच्या. मला वाटायचं, आवडतं त्यांना."

"तुम्हाला तरी काय माहीत, ताई..."

"त्या दिवशी रात्री स्वयंपाकघरात आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, 'फोटोत नाही म्हणजे नसेलच. उगाच तुझी एक सुट्टी घालवली मी. रागावू नकोस हं, कुंदा.'"



"आणि मी काय म्हणाले, माहितीये?" कुंदाताईंनी वाटी खाली ठेवली. "'असू दे,' म्हणाले."